उंदराने कुरतडलेली गोफण

मित्रांनो, या दिवाळीत एका मुलीने मला खुंटीवरून काढले, उलटसुलट करून पाहिले आणि आईला विचारले, "आई, हा बाहुलीचा झोपाळा आहे का गं?" मी एक जुनी गोफण आहे. दोन लांब दोर आणि त्यांच्या मधे तळहाताएवढी विणलेली वाटी, एवढेच माझे शरीर. या शरीराने मी दोन एकर ज्वारी राखली आहे. झोपाळा म्हटल्याचे मला वाईट वाटले नाही, असे मी खोटे सांगणार नाही. चांगलेच वाईट वाटले.

पण त्या मुलीचा तरी काय दोष? तिने ज्वारीचे उभे शेतच पाहिलेले नाही, मग गोफण कुठून ठाऊक असणार?

माझा जन्म मेडशीचा. जगदेव नावाच्या शेतकऱ्याने मला बनवले. तुम्ही अंबाडीची भाजी खाल्ली असेल. तिच्या उंच वाढलेल्या झाडांच्या सालीची मी. जगदेवने ती झाडे कापून नाल्याच्या पाण्यात कुजत ठेवली, मग साल सोलली, धुतली, आपटली. त्यातून निघालेले पांढरे वाख त्याने मांडीवर वळून दोर केले. वाटी विणायला त्याला अख्खा दिवस लागला. माझे दोन्ही दोर सारखे आहेत की नाही, हे त्याने चार वेळा मोजले. गोफणीचा एक दोर चार बोटे जरी आखूड झाला, तरी पोपटाला मारलेला गोळा शेजारच्या बैलाला लागतो. एका दोराच्या टोकाला बोटात अडकवायचा फास होता. दुसऱ्या दोराचे टोक मोकळे, शेपटीसारखे. वाटीत गोळा ठेवायचा, डोक्याभोवती मला गरगर फिरवायचे आणि मोकळे टोक सोडून द्यायचे. तेव्हा माझ्या शेपटीचा असा फटाका वाजायचा की पाखरे गोळ्याआधी आवाजानेच उडायची.

जगदेवचा एक नियम होता. गोफणीत दगड घालायचा नाही. काळ्या मातीचे लिंबाएवढे गोळे करून उन्हात वाळवायचे आणि तेच फेकायचे. हवेत ते फुटत आणि कणसांवर माती सडसड पडे. पाखरू मरत नसे, पण पुन्हा येण्याआधी दोनदा विचार करी.

मला चालवायचा मान मिळाला तो जगदेवच्या मुलीला, वैजयंतीला. घरात तिला वैजी म्हणत. ती तेव्हा चौथीत होती. तुमच्यातल्या कोणाकोणाचे आईबाप त्या वेळी तुमच्याएवढे असतील. शाळा सुटली की दप्तर घरात टाकून ती वावरात पळे आणि मचाणावर चढे. वाऱ्यावर ज्वारी डोले आणि मचाणही डोले. पाखरे नसली की वैजी ज्वारीच्या धांड्यांचे, म्हणजे वाळक्या ताटांचे, चष्मे करी, गाड्या करी, एक चष्मा मलाही घालून बघे. पाखरे आली की मला उचलून पाढा म्हणे. "बे एक बे, बे दुणे चार, बे त्रिक सहा!" सहाला गोळा सुटला पाहिजे. तेराच्या पाढ्याला मात्र ती अडखळायची आणि पोपटांचे फावायचे.

तिचा नेम चांगला होता, हे मी अभिमानाने सांगते. लोक म्हणत, जगदेवच्या पोरीच्या हातात जादू आहे. जादू थोडी माझ्यातही होती, पण आमच्यासारख्यांचे नाव कोण घेतो?

आता त्या वर्षाची गोष्ट. दिवाळी जवळ आली होती. ज्वारीचे दाणे चिकात भरले होते. दाणा असा दुधाने भरला की पाखरांचा मेळाच जमतो. सकाळपासून सांजेपर्यंत मचाणावर कोणीतरी लागतेच. जगदेवला हरभऱ्याच्या पेरणीआधी दुसरे वावर वखरायचे होते. वैजीची आई सोजरबाई रोजाने कापूस वेचायला जात होती. राहिली वैजी. तिची शाळा बंद झाली आणि ती दिवसभर माझ्याबरोबर मचाणावर राहू लागली. खरे सांगते, मला फार आनंद झाला. तिला झाला नव्हता, हे माझ्या उशिरा लक्षात आले. कारण आता ती पाढे म्हणत नव्हती. नुसती फिरवायची आणि सोडायची.

पाचव्या दिवशी रविकांत गुरुजी सायकल बांधावर टाकून मचाणाखाली आले. जगदेव तिथेच भाकर खात बसला होता.

"जगदेव, सोमवारपासून सहामाहीचे तीन पेपर आहेत," गुरुजी म्हणाले. "त्या मार्कांवरून मी शिष्यवृत्तीच्या परीक्षेला चार मुले निवडणार आहे. वैजयंती बसली तर त्यात नक्की येईल. नाही बसली, तर मला तिचं नाव घालता येणार नाही."

"गुरुजी, पोरगी साळंत जाईन त पाखरं कोन हाकलीन?" जगदेव म्हणाला. "तीन दिवसांत कनसाचं नुसतं रिकामं बुरकूल राहीन. वर्षभर खावाचं काय? नाई जमत. मी नाई म्हनलं म्हंजे नाई."

गुरुजी गेले. वैजी मचाणावरून सगळे ऐकत होती. तिने मला मांडीवर घेतले आणि माझी शेपूट बोटाला गुंडाळत, सोडत बसली. त्या दुपारी पोपटांनी किती कणसे नेली, तिने पाहिलेसुद्धा नाही.

सोमवार उजाडत होता. मी गोठ्यात खुंटीला टांगलेली होते. सोजरबाई गाईला आणि बकरीला चारा टाकायला आली. तिच्या हातात इळा होता. गवत कापायच्या विळ्याला आमच्याकडे इळा म्हणतात. तिने मला खुंटीवरून उतरवले, बाहेर एकदा पाहिले, आणि माझ्या फासाच्या दोरावर इळा ओढला.

मित्रांनो, मी हादरले. जगदेवने चार वेळा मोजलेला दोर एका झटक्यात तुटला! सोजरबाईने मला परत खुंटीला अडकवले. मग वाकून कोपऱ्यातून काहीतरी गोळा केले आणि ते माझ्याखाली पसरले. गोठ्यात अजून अंधूकच होते, पण मला कळले. उंदराच्या लेंड्या! बाईने पुरावासुद्धा तयार केला होता.

थोड्या वेळाने ती अंगणात जाऊन ओरडू लागली, "अवो, या लवकर! गोफन कुरतडली नं मेल्या उंदरानं! वाटोयं होईन त्याचं!" चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या.

जगदेव आला. त्याने माझा तुटका दोर हातात घेऊन टोक बोटाने चाचपले. खाली पाहिले. पुन्हा टोकाकडे पाहिले. माझा जीव टांगणीला लागला होता, आणि मी टांगलेलीही होतेच.

"उंदीरच हाय," तो शेवटी म्हणाला. "लय मातला हाय."

"गाठ मारून भागते काय?" सोजरबाईने साळसूदपणे विचारले.

"गाठीनं दोर आखूड होते. नेम चुकीन, कोनाचा डोया फोडीन पोरगी. नवी कराची त अंबाडी अजून उभी हाय वावरात." त्याने माझा दोर सोडून दिला. "गोफनच नाई त पोरगी मचानावर जाऊन करते काय? जाऊ दे तिले साळंत. मी पाहतो तीन दिवस."

रॉकेलचा रिकामा डबा आणि एक काठी घेऊन तो वावरात गेला. तीन दिवस डबा बडवल्याचा आवाज गोठ्यापर्यंत येत होता. तीन दिवस वैजी पाटीपुस्तक घेऊन शाळेत जात होती. वखरणी मागे पडली आणि हरभरा उशिरा पेरला गेला. पोपटांनीही आपला वाटा नेलाच.

वैजीचे नाव चार मुलांत आले. पुढे तिने शिष्यवृत्तीची परीक्षा दिली, ती पासही झाली. मला ते गोठ्यात बसून कळले. पेपर संपल्यावर जगदेवने माझ्या दोराला गाठ मारली आणि आखूड दोराचा नवा हिशेब हाताला शिकवून तो स्वतः मला चालवू लागला. वैजीच्या हातात मात्र मी पुन्हा कधी आले नाही. ती मागायची, "बाबा, द्या नं." तो म्हणायचा, "गाठीची हाय. तुले नाई जमनार." माझ्यातल्या खोटीमुळे माझी मैत्रीण गेली, असे मी धरून चालले. सोजरबाईचा मला रागही होता, पण तिचे गुपित मी कोणाला सांगितले नाही. सांगणार तरी कशी म्हणा.

मग सोयाबीन आले. ज्वारी आधी एका एकरावर आली, मग बांधाजवळच्या चार ओळींवर, मग तीही गेली. सोयाबीनच्या शेंगेत पोपटाला काही रस नाही. ज्वारी गेली तसे मचाण मोडले, हुरडा गेला, धांड्यांचे चष्मे गेले. रॉकेलचा डबाही कुठे दिसेना. अंबाडी लावायचेही सोडले, नायलॉनचा दोर दुकानात मिळू लागला. मी खुंटीवरच राहिले. गोठ्यात आधी बैल होते, मग एक गाय राहिली, आता तिथे फवारणीचा पंप आणि मोटारसायकल असते. माझ्यावर धूळ बसली, कोळ्यांनी घरे केली. खरा उंदीर मात्र माझ्याकडे एकदाही फिरकला नाही.

आता या दिवाळीकडे येऊ. वैजयंती आता वाशीमला परिचारिका आहे. एसटीने मेडशीला आली, तेव्हा पाचवीतली मुलगी साक्षी तिच्याबरोबर होती. मला झोपाळा म्हणणारी ती हीच. वैजयंतीने मला तिच्या हातातून घेतले आणि ओट्यावर येऊन बसली. जगदेव आणि सोजरबाई तिथेच तुरीच्या शेंगा सोलत होते. आता दोघांचेही केस पांढरे झाले आहेत.

वैजयंतीने पदराने माझी धूळ पुसली. सवयीने तिचे बोट फासात गेले. मग तिचा हात दोरावरून सरकत गाठीपाशी आला आणि थांबला. गाठीबाहेर तुटक्या दोराची दोन टोके आलेली होती. ती तिने उन्हात धरून पाहिली.

"माय," ती म्हणाली, "हे उंदरानं कुरतडलं व्हय?"

"हाव. लय उंदरं होते तवा," सोजरबाई शेंगेवरची नजर न काढता म्हणाली.

"मी रोज जखमा पाहतो माय. चावलेलं कोनतं आन कापलेलं कोनतं, मले कयते. हे इळ्यानं कापलेलं हाय. एका झटक्यात."

सोजरबाईचे हात थांबले. तिने चोरून नवऱ्याकडे पाहिले. इतकी वर्षे झाकलेली मूठ उघडली होती. आता म्हातारा काय म्हणतो, याची तिला धास्ती होती आणि मलाही.

जगदेवने हातातली शेंग पुरी सोलली, दाणे टोपल्यात टाकले.

"तुले आज दिसलं," तो म्हणाला. "मले तवाच दिसलं होतं. उंदीर कुरतडते त धागे लोंबतात. अन लेंड्या त बकरीच्या होत्या."

"बकरीच्या?" सोजरबाई दचकली.

"बकरीच्या नाई त काय? एवढाल्या लेंड्या टाकनारा उंदीर साऱ्या मेडशीत नव्हता."

साक्षी हसून हसून लोळली. वैजयंती हसत होती आणि डोळे पुसत होती. मी मात्र ओशाळले. मीही त्या उंदराच्याच समजले होते की!

"मंग तवाच बोलले काहून नाई?" सोजरबाईने विचारले. तिच्या आवाजात राग होता आणि दुसरेही काही होते.

"कसा बोलू? गुरुजीसमोर नाई म्हनून बसलो होतो. रातभर डोया लागला नाई, पन शब्द फिरवाचा कसा? सकाऊन पाह्यतो त उंदरानं माह्यी सुटका केलेली. मंग म्हनलं, उंदीरच बरा." तो थोडा थांबला. "गोफन बी मंग वैजीले देल्ली नाई. हातात आली असती त पुढच्या साली पुन्हा मचानावर पाठवा लागली असती. म्हनून गाठीचं निमित्त सांगत राह्यलो."

मित्रांनो, पस्तीस वर्षे मी त्या गाठीला माझी खोट समजत होते. तिच्यामुळे मी नावडती झाले, असे मानत होते. ती गाठ जगदेवने मुद्दाम जपली होती, हे मला त्या दिवशी ओट्यावर कळले. सोजरबाईने मला कापले, त्याचा रागही तिथेच विरून गेला. जरा लवकर कळले असते तर बरे झाले असते, पण आमच्या घरातली माणसे अशीच. मनातली गोष्ट सांगायला त्यांना पस्तीस वर्षे लागतात.

साक्षी माझी गाठ नखाने सोडवू लागली. "आई, ही काढून नवीन दोर बांधूया ना, छान दिसेल."

"हात नको लावू त्या गाठीले," वैजयंती, जगदेव आणि सोजरबाई, तिघेही एकदम म्हणाले.

मग वैजयंती उठली. अंगणात उभी राहून तिने मला डोक्यावर फिरवले. वाटीत काही नव्हते, हाकलायला पाखरेही नव्हती. "बे एक बे, बे दुणे चार, बे त्रिक सहा!" माझ्या शेपटीचा फटाका वाजला. पहिल्यासारखा नाही, पण वाजला. "अन गाठीची मले जमत नाई म्हने!" ती बापाकडे बघून म्हणाली.

तर मित्रांनो, माझी तुमच्याकडे एकच मागणी आहे. घरात एखादी जुनी, तुटकी, गाठ मारलेली वस्तू सापडली तर ती लगेच भंगारात टाकू नका आणि लगेच दुरुस्तही करू नका. आधी ती आजी-आजोबांच्या पुढ्यात ठेवा आणि विचारा, ही तुटली कशी? ते "उंदराने कुरतडली" म्हणाले, तर तेवढ्यावर उठून जाऊ नका. थोडा वेळ बसून राहा, शेंगा सोला.