सातचा डोस

कोपऱ्यावरच्या औषधवालीच्या तोंडाला सगळी गल्ली वचकून असे. शाळकरी पोराच्या तापाचं औषध मागायला कोणी आलं, की बाटलीआधी उपदेश मिळायचा. औषधाशिवाय चोवीस तास ताप आला नाही तरच शाळा, खोकताना तोंडावर रुमाल, नाहीतर कोपर, आणि हात साबणाने. मागच्याच आठवड्यात तिने आपल्या लेकीच्या वर्गशिक्षिकेलाही चार गिऱ्हाइकांदेखत धारेवर धरलं होतं. "तुम्ही शिकलेल्या, आणि असं शिंकणारं पोर घेऊन शाळेत निघालात?" शिक्षिका तशीच आपल्या पोराला घेऊन घरी गेली. तीन दिवस तिने रजा काढली.

आणि आज सकाळी औषधवालीच्याच आठ वर्षांच्या लेकीचं अंग तापलं. दुकानातला मदतनीस रजेवर, नवरा परगावी. दुकान बंद ठेवायचं तिच्या जिवावर आलं. सातला तिने लेकीला औषध पाजलं, वेणी घातली आणि दारात बजावलं, "कोणी विचारलं तर औषध घेतलंय म्हणू नकोस."

दहाला शाळेतून फोन आला. शेवटी शटर ओढावं लागलंच.

लेक शिक्षकांच्या खोलीत बाकावर आडवी होती. वर्गशिक्षिका ओल्या रुमालाने तिचं कपाळ पुसत होती.

"ताई, माफ करा हं," शिक्षिका म्हणाली. "माझ्याच पोराचं हिला लागलं असणार. तुम्ही त्या दिवशी बोललात ते खरंच होतं."

खरं सांगायची हीच वेळ होती. औषधवालीने उलट चक्क मान डोलावली.

"एकशे दोन ताप आहे. सकाळी काही दिलं होतंत?"

"नाही बाई," लेकच पडल्या पडल्या म्हणाली. "घरून निघताना मी एकदम बरी होते." पाढा म्हणावा तसं, कुठेही न अडखळता. मग आईकडे बघून हसलीसुद्धा.

"मग आता एक डोस देऊ या." शिक्षिकेने कपाटातून बाटली काढून चमचा भरला.

औषध तेच होतं. सातच्या डोसला अजून चार तासही झाले नव्हते, इतक्यात दुसरा देणं धोक्याचं. चमचा ओठांशी आला, आणि आईला सांभाळून घ्यायला पोरीने तोंड उघडलं.

"नको." औषधवालीने शिक्षिकेचा हात धरला. "सातला दिलंय. मीच. ताप कळू नये म्हणून. खोटं बोलायलाही मीच शिकवलंय."

शिक्षिकेने चमचा बेसिनमध्ये ओतला, बाटलीला टोपण लावलं. तिने चार शब्द सुनावले असते तर औषधवालीला बरं वाटलं असतं. ती एवढंच म्हणाली, "हिच्या बाकावरच्या मुलींवर लक्ष ठेवते मी."

घरी जाताना लेक तिच्या खांद्यावर होती.

"आई, मी तर काहीच सांगितलं नव्हतं. मग तूच का सांगितलंस?"

गल्लीभर उपदेश वाटणाऱ्या बाईने लेकीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. बंद दुकानासमोर एक बाप खोकणाऱ्या पोराला घेऊन उभा होता. तिला लाज वाटली, आणि ती मान खाली घालून त्याच्या पुढून निघून गेली.