वडाम राखताना वाचलेला बर्फ

हेमावती ओळीखाली बोट फिरवत वाचते. घर तंजावरकडचं मराठी, पण शाळा सगळी तमिळमध्ये झालेली. देवनागरी ती हिंदीच्या परीक्षांपायी शिकली. त्यामुळे एक प्रेमकथा तिला अख्खा उन्हाळा पुरते. आणि वाचते काय, तर बर्फ! बाहेर कत्तरीचं ऊन, म्हणजे मे महिन्यातले ते भाजून काढणारे दिवस; चेन्नईतल्या अंबत्तूरची आमची गच्ची चपलेतूनही तळपायाला चटका देते. आणि ही बाई मनाने सिमल्याच्या पहाडावरच्या बंगल्यात, शेकोटीपाशी.

वाळवणाची राखण आम्ही दोघी शेजारणी पाळीपाळीने करतो. गेल्या वर्षी माझ्या कुरडया होत्या आणि पाळी तिची. ती पुस्तकात, कावळे कुरडयांत. इमारतीतल्या सगळ्या बायकांसमोर मी म्हटलं होतं, "कादंबरीवालीला राखणीला बसवणं म्हणजे बोक्याला दुधापाशी बसवणं." वर नियमही मीच केला: जिच्या पाळीत वाळवण जाईल, तिने पहाटे उठून एकटीने सगळं पुन्हा घालायचं. तिने घातलं. ती एक शब्द बोलली नाही. मी बरीच बोलले.

यंदा जुन्या साडीवर पसरलेले वडाम, म्हणजे तिच्याकडच्या तांदळाच्या कुरडयाच, तिचे होते आणि पाळी माझी. पाण्याच्या टाकीच्या सावलीत स्टूल, त्याच्यावर तिचं पुस्तक विसरलेलं. जेवताना तिची खिल्ली उडवायला चार वाक्यं मिळावीत, एवढ्यासाठीच मी ते उघडलं.

मिळाली की! पान बारावर बर्फ, पान चाळीसवर बर्फ. नायिका इरा सतत थरथरते, पण स्वेटर घालायचं काही तिला सुचत नाही. नायक खिडकीत उभा राहून उसासे टाकतो. या लेखिकेने थंडी फक्त फ्रीज उघडून पाहिली असावी. शहात्तर साली आमच्या ह्यांचं ऑफिसचं ट्रेनिंग होतं, तेव्हा मी सहा दिवस सिमल्यात काढलेत. खोबरेल बाटलीत दगड झालं होतं. आणि थंडीत नाक वाहतं! एकशे दहा पानांत कुणाचं एकदा तरी नाक वाहावं की नाही?

मग पान एकशे अकरावर त्याने आपला मफलर काढून तिच्या गळ्यात घातला.

ह्यांनीही घातला होता. करडा, नॅप्थलीनच्या वासाचा. नंतर चार दिवस खोकले आणि प्रत्येक खोकल्यागणिक "तुझ्यामुळे" म्हणाले. पण स्टेशनवर, सगळ्या ऑफिसच्या देखत, आधी तो माझ्या गळ्यात घातला होता. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. ते पान मी पुन्हा वाचलं. मग तिसऱ्यांदा.

"अय्यो, अक्का!"

हेमावती जिन्याच्या दारात उभी होती. कावळ्यांना भिववायला उघडून ठेवलेली काळी छत्री वाऱ्याने कोपऱ्यात जाऊन पडली होती. साडीवर वडाम कमी आणि कावळे जास्त होते. तिने आधी साडीकडे पाहिलं, मग पुस्तकात अडकलेल्या माझ्या बोटाकडे.

"वारा आला," मी म्हटलं.

"कुठनं? सिमल्याहून?"

तेवढं ऐकून घ्यायला हवंच होतं. म्हटलं आता ही खालच्या बायकांना हाका मारणार. तिने हाक मारली नाही. जवळ आली आणि हळूच विचारलं, "मफलर दिला का हो त्यानं? मी एकशे तीनवर आहे, तिथे नुसता हात मफलरकडे गेलाय."

"दिला. आता खोकेल."

दुसऱ्या दिवशी पहाटे चारला मी तिच्या स्वयंपाकघरात उभी होते. तांदळाच्या पिठाची उकड घोटताना चौऱ्याहत्तरीचे दंड भरून आले, घाम कोपरांवरून ठिबकत होता. मदतीला आली तशी मी तिला हटकलं. "नियम म्हणजे नियम. तू बस."

ती बसली. पुस्तक उघडून बोट ठेवून मोठ्याने वाचू लागली. एकेक अक्षर सुटं, बैलगाडीच्या चालीने.

"बर्फ पडतोय, अक्का."

"कळलं. पुढे काय?"

"तिला थंडी वाजते."

"अजून? मूर्ख आहे ती," मी उकडीत मीठ टाकत म्हटलं. "वाच लवकर. उजाडलं की मला गच्चीवर जायचंय."