पुसलेली रेघ

धम्मदीपनं फळी दोन भिंतींमधल्या आधारांवर ठेवली आणि ती धाडकन खाली आली. अंगठ्यावर पडली, पण अंगठ्याकडे बघतो कोण? त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. फळी दहा सेंटिमीटर आखूड होती, आणि कापली होती साहेबांनी.

साहेब म्हणजे महेश्वर. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले इंजिनिअर. जुळे सोलापुरात त्यांच्या बंगल्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये दर रविवारी लाकडाची हौस असलेली मंडळी जमायची. कुणी शिक्षक, कुणी औषधदुकानदार, धम्मदीप बँकेतला. कुणी पाट करायचं, कुणी चपलांचा स्टँड. कापायचं मोठं मशीन एकट्या साहेबांकडे, म्हणून शहाणपणही सगळं त्यांच्याकडेच. हातात करवत आली की काही माणसांना वाटतं, झाडसुद्धा आपणच लावलं.

हे झाड लावलं होतं धम्मदीपच्या वडिलांनी. गावाकडं करकंबला घरापुढं कडुनिंब होता. वडील गेले, पुढं रस्ता रुंद झाला आणि झाडही गेलं. धम्मदीपनं त्यातून एकच जाड फळी काढून आणली आणि दोन उन्हाळे पलंगाखाली वाळवली. त्याची आई, येसूबाई, जन्मभर त्या झाडाखाली बसलेली. आता सोलापुरात ती दाराच्या पायरीवर बसायची आणि उठताना गुडघे धरायची. दाराशेजारी दोन भिंतींच्या मधे तिला बसायला, दुपारी आडवं व्हायला त्याच झाडाचा बाक करायचा, एवढंच त्याच्या मनात होतं. दुसरी फळी आणायची म्हटली तरी आणणार कुठून?

म्हणून त्यानं माप जिवाच्या करारानं घेतलं होतं. फळीच्या वरच्या अंगाला पेन्सिलची रेघ, खालच्या अंगाला सुरीचा ओरखडा. साहेबांनी रेघ बघितली आणि सँडपेपर घेऊन सरळ पुसून टाकली. दुसऱ्यानं आखलेल्या रेघेवर मी मशीन चालवत नाही, म्हणाले. मग धम्मदीपला मापाचा आकडा विचारला आणि स्वतःचा टेप काढला. त्या टेपचं टोक कधीच तुटलेलं. त्यामुळं साहेब शून्याऐवजी दहापासून मोजायचे आणि शेवटी दहा वाढवून खूण करायचे. तशी यात चूक काही नाही, बरेच जण करतात. त्या दिवशी मात्र गप्पांच्या नादात साहेब दहा वाढवायचे विसरले.

चूक होते हो माणसाकडून. धम्मदीपनं फोन करून सांगितलं तेव्हा साहेबांनी नुसतं "विसरलो" म्हटलं असतं, तरी त्याचा राग निवला असता. पण संध्याकाळी साहेबांनी रविवारच्या मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं की बँकेतली माणसं पैसे बरोबर मोजतात, लाकूड मोजताना गडबडतात. खाली हसणारी तोंडं. चोराच्या उलट्या बोंबा, आणि वर टाळ्या वाजवायला अख्खी वरात. धम्मदीपनं चार वेळा उत्तर लिहिलं आणि चारही वेळा पुसलं. त्या रात्री तो जेवला नाही.

सकाळी येसूबाईनं फळीचा उरलेला तुकडा पाण्याच्या घागरीखाली ठेवायला उचलला. उलटा केला तर खाली ओरखडा. हे काय कोरलंय, तिनं विचारलं. धम्मदीपनं सगळं सांगितलं. ती ओरखड्यावरून बोट फिरवत ऐकत राहिली.

"रेघ पुसली तवा तू कुटं हुतास?"

"तिथंच. फळीचं दुसरं टोक धरून."

"मग त्याच्यावर काय रागावतोस?" ती म्हणाली. "त्यानं पुसली, तू पुसू दिलीस."

हे त्याला साहेबांच्या थट्टेपेक्षा जास्त लागलं. कारण ते खरं होतं. साहेबांचं मन मोडू नये, मशीन त्यांचं आहे, एवढ्यासाठी तो मूग गिळून उभा राहिला होता. आठवडाभर तो साहेबांवर जळत होता आणि त्याहून जास्त स्वतःवर.

रविवारी तो तुकडा घेऊन शेडमध्ये गेला. आलं बघा आखूड माप, म्हणून कुणीतरी हसलं. सिद्धलिंगप्पा मास्तरांची फळी मशीनवर होती आणि साहेबांनी सँडपेपर हातात घेतला होता. धम्मदीपनं मास्तरांच्या रेघेवर तळहात ठेवला.

"ही पुसायची नाही, साहेब."

साहेब आधी हसले, मग चिडले. हात काढ म्हणाले. धम्मदीपनं हात काढला नाही. दुसऱ्या हातानं त्यानं तुकडा उलटा करून पुढं ठेवला आणि कापलेल्या कडेपासून ओरखड्यापर्यंत मोजायला सांगितलं, तुमच्याच टेपनं. साहेबांनी सवयीनं टेपचा दहाचा आकडा कडेवर ठेवला. ओरखडा विसावर आला. शेडमधलं हसू तिथंच आटलं.

"बरं, सागाची फळी देतो तुला," साहेब म्हणाले. "एवढ्याशा लिंबाच्या लाकडासाठी काय तमाशा करतोस?"

"ते झाड माझ्या बापानं लावलेलं हाय," धम्मदीपचा आवाज चढला, आणि बँकेतली भाषा गळून गावाकडची आली. "तुमचा साग नको मला. माप बरोबर हुतं, एवढं ग्रुपवर लिवा."

साहेबांनी मशीनशेजारचा फोन उचलून खिशात घातला. ते लिहिणार नव्हते, हे सगळ्यांना कळलं. तेवढ्यात सिद्धलिंगप्पा मास्तरांनी पेन्सिल काढली, आपली रेघ पुन्हा गडद केली आणि फळी काखेत मारली. हातकरवतीनं कापतो घरी, म्हणाले. त्यांच्यामागून आणखी एक जण उठला.

धम्मदीपनं घरी येऊन तो तुकडा ओरखड्यावर कापला आणि खालून लोखंडी पट्टी मारून फळीला जोडला. बाक दोन भिंतींमधे नेमका बसला. पॉलिश केलं तरी सांधा लपेना, आणि त्याच्याकडे नजर गेली की त्याचं डोकं पुन्हा तापायचं. शेवटी त्यानं वरून रंग द्यायचं काढलं.

येसूबाई बाकावर पाय पसरून बसली होती. ती उठली नाही.

"ऱ्हाऊ दे की सांधा," ती म्हणाली. "कुणी कापलं म्हून इचारलं, तर सांगाया बरं पडतंय."