निताची पाठ

फौजेत सतरा वर्षं काढली मी. तिथं एकच गोष्ट अंगात भिनली, पाठ ताठ पाहिजे. गावी आल्यावर आमच्या हिंगोलीकडच्या गोरेगावच्या मैदानावर पोरापोरींना तेच शिकवून राहिलो, अन् त्याच नादात निताची वाट लावली. मीच लावली, दुसऱ्या कुणी न्हाई.

निता म्हणजे तांड्यावरच्या नेमसिंगची लेक. कुणी न शिकवता शंभर मीटर साडेतेरा सेकंदांत मारायची. पण पळताना खांदे इकडं अन् कंबर तिकडं! मला ते बघवंना. "अगं, पळून राहिलीस का नाचून राहिलीस?" म्हणून मी ओरडायचो. शेवटी एक वाळकी तुराटी, म्हंजे तुरीची काठी, घेतली, ओढणीनं तिच्या पाठीला आवळून बांधली अन् म्हणलं, आता पळ. चार महिने रोज हेच. सेकंद वाढत गेले, तर मी पोरीलाच आळशी ठरवलं.

परवा परभणीला निवासी क्रीडा शाळेची निवड चाचणी झाली. वयाच्या अटीमुळं निताला ही शेवटचीच संधी होती. सहा पोरी घ्यायच्या होत्या. निता सातवी आली.

तिथल्या मार्गदर्शक बाईंनी मला बाजूला बोलावून मोबाईलवर तिची धाव हळू करून दाखवली. "बघा, पाठ कशी आखडून धरलीय. खांदे एकीकडं वळले की कंबर दुसरीकडं वळायला पाहिजे. मणका पिळला जातो, त्याचाच जोर पायात उतरतो. हिचं ते वळणंच कुणीतरी बंद करून टाकलंय."

मी नुसती मान डोलावली. ते कुणीतरी म्हणजे मीच, एवढं बोलायची हिंमत झाली न्हाई. थू माझ्या जिंदगानीवर!

परत येताना हिंगोलीहून गोरेगावच्या जीपमधी निता माझ्या शेजारीच बसली होती. सेनगाव आलं तशी हळूच म्हणाली, "सर, माझंच चुकलं. घरी मीच सांगते. तुमाला कुणी बोल लावायला नको."

आता मात्र मला राहवलं न्हाई. "गप बस. तुझं काहीच चुकलं न्हाई. तू पहिल्यापासून बराबर पळत होतीस, मी ते मोडलं. नेमसिंगला मी सांगतो. त्याचे पाय धरायची वेळ आली तर धरतो."

निता बाहेर बघत म्हणाली, "मला माहीत होतं, सर. मैदानावरून घरी जाताना तांड्याच्या रस्त्यानं मी माझ्या मनासारखी पळायचे. लई हलकं वाटायचं."

मी तिच्याकडं वळलो. "मग परभणीला काहून तशी पळाली न्हाईस, लेकरा?"

"तुमी समोरच उभे होते ना, सर," ती म्हणाली.