पाणसळीतला बुडबुडा

“परत तिकडेच पळाला, लेकाचा!”

हे जमिनीवर पालथे पडून पाणसळीला नाक लावून पुटपुटत होते आणि मी त्यांच्या कानाशी टॉर्च धरून उकिडवी बसले होते. लेकाचा म्हणजे पाणसळीतला बुडबुडा. तो मधोमध थांबला की टर्नटेबल सपाट, आणि टर्नटेबल सपाट असलं की सुई रेकॉर्डच्या खाचेत सरळ बसते. इतक्या वर्षांच्या टॉर्चधरणीत एवढं ज्ञान मलाही झालं होतं.

“परवाच तर केलं होतंत की सरळ,” मी म्हटलं.

“स्क्रू ढिला असेल.”

हे कवळ्या बनवतात. कवळी केसाएवढी उंच राहिली तर माणूस घास चावत नाही, त्यामुळे यांना केसाएवढा फरक कळतो. टर्नटेबल यांनी स्वतः जुळवलेलं. मोटर एकाची, सुई धरणारा टोनआर्म दुसऱ्याचा, बेअरिंग ओळखीच्या घड्याळजीकडून घासून आणलेलं. खाली बेस म्हणून थडगी घडवणाऱ्याकडे उरलेली काळी शिळा. तिच्या पोटाशी कुणाच्या तरी नावाचं पहिलं अक्षर कोरून सोडून दिलेलं आहे. ते नाव कुणाचं, हे मी विचारलं नाही. घरात आणल्यावर कशाला विचारायचं?

बुडबुडा दर वेळी भिंतीकडेच पळायचा. म्हणजे खोलीच्या मधली बाजू खाली. हे त्या बाजूच्या पायाचा स्क्रू फिरवून पाय उंच करायचे. आठ महिन्यांत स्क्रू संपला, मग वायसर घातले, मग कवळीचं मेण. तरी स्पीकरमधून बारीक गुरगुर यायचीच. बेअरिंग बदललं, पट्टा बदलला. शेवटी ठरलं की वजनच कमी पडतंय.

“दादा, वाळूची पेटी करू,” भाऊजी म्हणाले होते. माझे धाकटे दीर सुतार आहेत. “शिळा वाळूवर बसवली की थरथर सगळी वाळू पिऊन टाकेल.”

या भाऊजींबद्दल सांगायला हवं. त्यांच्या हाताने केलेलं काही धड झालं असं घरात कधी कुणी म्हटलं नाही. कपाटाची दारं आपोआप उघडायची, टेबल डुलायचं. पण दोन वर्षांपूर्वी सासूबाईंना चाकांची खुर्ची आली. त्यांच्या खोलीच्या मधोमध, आम्ही बसलो होतो त्याच माडीच्या खाली, एक लाकडी खांब होता. खुर्ची दर वेळी त्याला अडायची. “नुसता शोभेचा आहे,” असं म्हणून भाऊजींनी तो एका दुपारीत काढला आणि फरशी अशी बेमालूम बसवली की सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला बोलावून दाखवायच्या. “धाकट्याने केलंय हो!” तेव्हापासून भाऊजी ताठ मानेने घरात येतात.

आज रविवार. भाऊजी पेटी आणि वाळूची दोन पोती घेऊन येणार होते. मी सासूबाईंचा चहाचा कप आणायला खाली गेले. त्या पलंगावर नव्हत्या. खुर्ची दाराच्या उंबऱ्याशी लावून बसल्या होत्या, उशी मांडीवर.

“आई, पडायचं नाही का?”

“पाठ धरते गं पलंगावर. इथे बरा उजेड आहे.”

“रात्रीही इथेच बसला होतात?”

“तुला काय करायचंय? कप ने.”

कप उचलताना मी वर पाहिलं. तुळईला पलंगाच्या वरच एक चीर गेली होती. चीर वाढली तर तडकून कळावं म्हणून तिच्यावर गुलाबी प्लास्टरचा ठिपका लावला होता, कवळीचे साचे करतात ते प्लास्टर. त्यावर यांच्या अक्षरात तारीख होती, तीन आठवड्यांपूर्वीची. ठिपका मधून उभा तडकला होता. शेजारी दुसरा ठिपका, परवाची तारीख. तोही तडकला होता. आणि चिरेच्या टोकाजवळ जाड पेन्सिलीची खूण. तसली चपटी पेन्सिल कानावर ठेवून हिंडणारा माणूस आमच्या घरात एकच. चीर त्या खुणेच्या चार बोटं पुढे गेली होती.

मी तरी कुठली शहाणी? दोन महिने मी माडीवर भिंतीच्या कडेकडेनेच चालत होते. पायांना कळलं होतं, तोंडाने मिठाची गुळणी धरली होती. बोलायचं म्हणजे भाऊजींच्या एकुलत्या एका चांगल्या कामावर पाणी फिरवायचं.

मी कप घेऊन वर आले तेव्हा भाऊजी एक पोतं खांद्यावर घेऊन दारात उभे होते.

“थांब,” हे म्हणाले. “आधी एकदा सुई टेकवून बघू. मोटर बंद. रेकॉर्ड स्थिर. आवाज पूर्ण वर. आता जी गुरगुर येईल ती यंत्राची नाही, बाहेरची.”

सुई टेकली. स्पीकरमधून खोली ऐकू यायला लागली. माझं पाऊल, धप्प. खालून सासूबाईंचा खोकला, अगदी कानात खोकल्यासारखा. मग काही नाही. मग एक लांब, ओला करकर आवाज, जसा ओल्या दोराला पीळ देताना येतो. आणि शेवटी टक्.

कुणी हललं नाही. यांची नजर पाणसळीवर होती. बुडबुडा आमच्यादेखत भिंतीकडे सरकला.

“बेअरिंगच असणार,” हे म्हणाले.

“मोटर बंद आहे ना, अहो,” मी म्हटलं.

भाऊजींनी पोतं खांद्यावरून उतरवलं, पण खोलीत नाही, मागे जिन्याच्या पायरीवर. हळूच, झोपलेलं मूल ठेवावं तसं.

“बेअरिंग नाही, दादा,” ते म्हणाले. “तो खांब शोभेचा नव्हता. काढताना मला कळलं होतं. वहिनी, आईला आधी घराबाहेर काढा.”