भगताची उजवी पाकळी

सर्वणच्या भैरू भगताच्या पाषाणाने दिलेला कौल आजवर कधी खोटा ठरलेला नाही. खोटा ठरेलसा वाटला की भगत प्रश्न बदलतो.

त्या सकाळी अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. पाषाणावर उजवीकडे एक आणि डावीकडे एक अशा चाफ्याच्या ओल्या पाकळ्या चिकटवलेल्या. जी आधी गळेल, ते देवाचं उत्तर. हरमलच्या एका रिसॉर्टमध्ये पंप दुरुस्त करताना साईश मेला, त्याची चौकशी व्हावी की नाही, हे आता चाफा ठरवणार होता.

साईशची थोरली बहीण मनीषा डिचोलीच्या शाळेत विज्ञान शिकवते. भावाच्या तळव्यावरचा जळका काळा डाग तिने शवागारात पाहिला होता. हवालदाराला सांगितलं तर त्याने "तें मागीर बघूया," म्हणून ते पुढे ढकललं. रिसॉर्टचा मॅनेजर राजेश हार्ट अटॅक म्हणत होता. सगळ्यांना गाडीत घालून भगताकडे आणलं तेही त्यानेच, हवालदारासकट. 'आमचा कोणावर संशय नाही' याखाली बाप सदाशिवची सही झाली, की पोस्टमॉर्टेम टळणार होतं आणि देह ताब्यात मिळणार होता.

"बा देवा म्हाराजा!" भगताने सूर लावला. "झिलाचो आत्मो रडता, माझ्या कुडीक सुरी लावू नकात म्हणता!"

"व्हय म्हाराजा!" अंगण गरजलं.

"चौकशी करूची तर उजवी दी, सोडून देवची तर डावी दी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

डावी गळली. बायकांनी हात जोडले. सदाशिवने पेनासाठी हात पुढे केला.

"बाबा, थांबा," मनीषा म्हणाली. "देवाक परत इचारूया."

"मास्तरणी, देवाची परीक्षा घेतंस?" भगत म्हणाला.

"माझो धंदोच तो. पाकळ्यो तुम्हीच लावा, भगतानू."

भगताने मोठ्या तोऱ्यात पाकळ्या लावल्या. त्याने तोंड उघडायच्या आत मनीषाने गाऱ्हाणं घातलं, "उजवी पडली तर बाबा सही करतले, डावी पडली तर चौकशी होतली म्हाराजा!"

"थांब गो..." भगत ओरडला, पण सवयीने अंगण गरजून मोकळं झालं होतं, "व्हय म्हाराजा!"

डावीच गळली.

या खेपेला हात कोणी जोडले नाहीत. मनीषा पुढे गेली आणि उजवी पाकळी ओढली. ती फाटली, पण सुटली नाही. मागे तांदळाची खळ होती. डावीला नुसतं पाणी. पाणी सुकलं की पाकळी पडते. खळ सुकली की घट्ट बसते. यात देवाचा संबंध इतकाच, की त्याला न विचारता त्याचं नाव वापरलं होतं.

"बाय, संशय घेवन भाव परत येवचो ना," हवालदार म्हणाला.

"येवचो ना, तें माका कळता. कसो गेलो, तें इचारतंय."

आपल्याकडे ज्यांचं माणूस जातं, त्यांना चौकशीत एकच जागा राखून ठेवलेली असते: 'संशय नाही' याच्या खाली. त्यांनी काय पाहिलं, हे कोणी विचारत नाही. मग पाकळीला विचारायची वेळ येते. पाकळीला डोळे नाहीत, बहिणीला आहेत. तिला विचारा. डॉक्टरला विचारा. आणि जो चौकशी टाळायला देवाला पुढे करतो, त्याला सगळ्यांत आधी विचारा.

सदाशिवने सही केली नाही. पोस्टमॉर्टेम झालं. साईशचं हृदय ठणठणीत होतं.

पंपाला अर्थिंग नव्हतं.