बारा माणसांचं टेबल

तुम्ही आत्ता ज्यावर चहाचा कप ठेवलात ना, ते टेबल मी. दचकू नका, बोलतोय तो मीच. बसा निवांत. समुद्राकडे बघत ऐकलंत तरी चालेल. या व्हरांड्यात येणारे सगळे तिकडेच बघतात. कोपराखाली कोण आहे, हे कुणी बघत नाही.

आज मी दोन माणसांपुरता आहे. पण जन्मलो तेव्हा बारा माणसं माझ्याभोवती ऐसपैस बसत.

देवगड बंदरावर जकात बघायला इंग्रजांच्या काळात एक गोरा साहेब होता. त्याने टेकडीवर हा बंगला बांधला. जांभ्या दगडाच्या जाड भिंती, उंच छत, खिडक्यांना रंगीत काचा. जेवणघरासाठी त्याने कुडाळहून सुतार आणवले. त्यांनी मला सागवानातून घडवला, सहा पायांवर उभा केला. माझ्यात एकही लोखंडी खिळा नव्हता, सगळे सांधे लाकडाचे. माझा रुबाब मोठा होता, पण सोबत नव्हती. साहेब बहुतेक वेळा एकटाच एका टोकाला बसून जेवायचा आणि उठून जायचा.

तो विलायतेला परत गेला आणि बंगला दाजींनी घेतला. दाजी आंब्याचे व्यापारी. टेबलावर बसून जेवणं त्यांना कधी रुचलंच नाही. ते शेवटपर्यंत पाटावर जेवले. माझ्यावर त्यांनी भाताचा पेंढा पसरला आणि हापूस पिकत घातला. उन्हाळाभर मी आंब्यांच्या ओझ्याखाली असायचो. खोटं कशाला सांगू, साहेबाच्या काट्याचमच्यांपेक्षा मला ते ओझं आवडायचं.

याच घरात कावेरी सून म्हणून आली. दाजींच्या थोरल्या मुलाची, हरिश्चंद्राची बायको. लग्नाला चार वर्षं होतात न होतात तोच हरिश्चंद्र तापाने गेला. पाठोपाठ सासूही गेली. धाकटा दीर गुरुदास तेव्हा शाळेत जाणारा. त्याला कावेरीने वाढवलं. तो माझ्यावर पाटी ठेवून गणितं सोडवायचा आणि ती पलीकडे तांदूळ निवडत बसायची. त्याचं उत्तर चुकलं की तिला कळायचं नाही, पण त्याचा चेहरा बघून ती म्हणायची, "परत कर मरे, खंयतरी चुकलंस." पुढे तो मुंबईला गेला, एका मोठ्या हॉटेलात नोकरीला लागला, त्याने लग्न केलं. कावेरी इथेच राहिली, दाजींना सांभाळत.

एक्क्याऐंशी साली दाजी वारले. दिवस झाले, माणसं पांगली, आणि आंबोलीहून आलेला कावेरीचा भाऊ शंकर माझ्याजवळ येऊन उभा राहिला.

"चल गो माझ्यावांगडा," तो म्हणाला. "हय आता तुझा कोण आसा? तुझो वाटो माग आणि चल. आंबोलीक दोन खोल्यो बांधून देतंय तुका."

कावेरी काही बोलायच्या आत गुरुदास आला. त्याच्या मनात वेगळंच होतं. मुंबईची माणसं अशा जुन्या बंगल्यात राहायला हौसेने येतात, आपण इथे हॉटेल काढू, असं त्याने ठरवलं होतं. पण त्याला बंगला अखंड हवा होता, आणि कावेरीचे हातही हवे होते.

त्याने माझ्यावर तळवा टेकला. तो तळवा मी लहानपणापासून ओळखत होतो.

"वैनी, ह्या घर तुझा आसा," तो म्हणाला. "हॉटेल झाला तरी तुझाच. चूल तुझी, माडयेवरची दर्याकडची खोली तुझी. कोण तुका हयसून हलवचो नाय. दाजींची शपथ."

शंकर म्हणाला, "बोलणा बरा आसा. उद्याचा कोण बघता?"

कावेरी भावाकडे वळली. "शंकर, तू जा. ह्येका मी भरवलंय. तो माका फसवचो नाय."

शंकर रागावून गेला, तो परत आला नाही. कावेरीने आपला वाटा मागितला नाही. बंगला गुरुदासच्या एकट्याच्या नावावर झाला. खरं सांगू? त्या दिवशी माझाही गुरुदासवर विश्वास बसला होता.

बंगल्याला रंग लागला. माझ्यावरचा पेंढा निघाला, मला पॉलिश झालं. फाटकावर पाटी लागली: 'सागरछाया'. पाहुणे नांदगावच्या तिठ्यावर एस्टीतून उतरायचे आणि तिथून देवगडची गाडी धरून यायचे. धूळ, घाम, कंटाळलेली पोरं. पण इथे आले की पहिल्यांदा भिंतींना हात लावून बघायचे. "किती गार आहेत!" म्हणायचे.

आणि मग जेवायला माझ्याभोवती बसायचे. हॉटेलात टेबल एकच, मी. कोण कुठला, कुणाला ठाऊक नसायचं. पहिल्या जेवणाला सगळे आपापल्या ताटात बघत. कावेरी आतून गरम वडे आणि कोंबडीचा रस्सा आणायची, सोलकढीचं एकच मोठं भांडं मधोमध ठेवायची. कढी हवी तर शेजाऱ्याला सांगावंच लागे. "जरा इकडे द्याल का?" एवढ्यावर ओळखी होत. एकदा पुण्याचं एक जोडपं आलं होतं, वाटेतच भांडलेलं. दोघं माझ्या दोन टोकांना बसली. कावेरीने ते बघितलं. तळलेल्या बांगड्यांची बशी तिने नवऱ्यापुढे ठेवली आणि लिंबाची बायकोपुढे. थोड्या वेळाने ती बाई उठून लिंबू घेऊन नवऱ्याजवळ गेली आणि तिथेच बसली. अख्खं टेबल हसलं. म्हणजे माणसं हसली, पण मला ते माझंच हसणं वाटलं.

ती तीन वर्षं माझ्या आयुष्यातली सोन्यासारखी. साहेबाच्या काळात ज्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या, त्या आता पुरत नव्हत्या.

मग एका मे महिन्यात मुंबईहून आठ-दहा जणांची मंडळी आली. चांगले कपडे, मोठे आवाज. गुरुदास त्यांच्यात बसून जेवत होता. त्यातली नीरजा नावाची एक बाई बोटं चाटत म्हणाली, "गुरुदासजी, हे सगळं करतं कोण? मला त्यांना भेटायचंय."

गुरुदासने हातातला घास खाली ठेवला. मुंबईकरांशी तो नेहमी छापील मराठी बोलायचा. तशाच मराठीत म्हणाला, "आमच्याकडे एक बाई आहे. पूर्वीपासून कामाला आहे. छान करते."

कावेरी दारात उभी होती, हातात वड्यांची परात घेऊन. तिने ऐकलं. गुरुदासनेही तिला बघितलं, आणि मान खाली घालून कढी ओतून घेतली.

ती पुढे आली. परात माझ्यावर ठेवली. नीरजा हसून म्हणाली, "मावशी, फारच सुंदर हं!" कावेरी म्हणाली, "जेवा, जेवा," आणि आत गेली.

मला वाटलं, संध्याकाळी तरी तो तिची क्षमा मागेल. तो आला, पण वेगळंच मागायला.

"वैनी, दर्याकडची खोली सगळे मागतत. सीझनपुरती दी. पावसाक परत ये वर."

कावेरी एक ट्रंक आणि देवाचं तबक घेऊन मागच्या कोठारात राहायला गेली. पाऊस आला, गेला. खोली परत मिळाली नाही. तिनेही मागितली नाही. गुरुदासची बायको विमला तोवर मुंबईहून इथे राहायला आली होती. ती एकदोनदा नवऱ्याला म्हणाली, "अहो, बरं नाही दिसत." तो म्हणाला, "तुला धंद्यातलं काय कळतं?"

त्यानंतर माझी पाळी आली. पाहुण्यांना आता अनोळखी माणसांबरोबर जेवायला नको होतं. जोडप्यांना एकांत हवा होता, व्हरांड्यात, समुद्राच्या समोर. गुरुदासने बाबू सुताराला बोलावलं.

बाबूने माझ्यावरून हात फिरवला, खाली वाकून सांधे बघितले आणि करवत परत पिशवीत ठेवली. "मालक, ह्या कापूचा नाय. माका जमाचा नाय."

"तू नाय तर दुसरो येतलो," गुरुदास म्हणाला.

बाबूला घरी पोरंबाळं होती. त्याने करवत पुन्हा काढली.

तेवढ्यात कावेरी आतून आली. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा मोठ्याने बोलली, आणि गुरुदासला पहिल्यांदाच 'तुमी' म्हणाली.

"भावजी, माका बाई म्हटलात, मी गिळलंय. खोली घेतलात, तांव गिळलंय. म्हटलंय, घरच्या माणसान घेतला तर गेला खंय? पण आता तुमी चार माणसा एका जाग्यार बसाकसुद्धा देणत नाय. मगे मी रांधू कोणासाठी?"

"वैनी, उगाच वाढव नको. धंदो आसा हो."

"होय. माका तां उशिरा कळला."

करवत चालू झाली. दुखलं का, असं विचाराल, तर हो, दुखलं. पण त्यापेक्षा एक गोष्ट जास्त लागली. ज्याने करवत धरली होती तो बाबू रडत होता, आणि ज्याची पाटी मी वर्षानुवर्षं तोलली होती, तो बाजूला उभा राहून सांगत होता, "सरळ काप, वाकडा दिसता नये."

माझे चार तुकडे झाले. सहा पाय चार टेबलांना कसे पुरणार? म्हणून आंब्याच्या लाकडाचे नवे पाय ठोकले, खिळ्यांनी. कावेरी त्याच दुपारी ट्रंक घेऊन फाटकाबाहेर पडली. विमला मागोमाग धावली, "वहिनी, थांबा ना," म्हणत. कावेरीने तिच्या गालावर हात ठेवला आणि एस्टी धरली. आंबोलीला ती गेली नाही. भावाचं ऐकलं नव्हतं, आता कुठल्या तोंडाने जायचं? ती नांदगावच्या तिठ्यावर उतरली आणि तिथेच एका पत्र्याच्या शेडमध्ये तिने खानावळ काढली. हे मला एस्टीचे ड्रायव्हर फाटकापाशी बोलत होते त्यावरून कळलं.

इथला स्वयंपाक मग हळूहळू कुठल्याही हॉटेलासारखा झाला. पाहुणे फोटो काढायचे, एक दिवस राहायचे, जायचे. जुन्या पाहुण्यांपैकी कुणी विचारलं, "त्या कुठे गेल्या?" तर गुरुदास म्हणायचा, "गावी गेल्या."

गेल्या महिन्यात तो स्वतः नांदगावला गेला. परत आला तो इथेच, तुमच्या खुर्चीवर बसला. विमलाने विचारलं, "आल्या नाहीत?"

त्याने मान हलवली. "माका ओळखल्यान. बस म्हणाली. जेवक वाढल्यान पोटभर. मी कायमाय बोलत रवलंय, ती आयकत रवली. निघताना म्हटलंय, वैनी, घराक चल. तर म्हणाली, घराकच आसंय."

गुरुदासने माझ्यावर डोकं टेकलं. माझ्या लाकडाला ओल लागली. तिने त्याला जेवू घातलं. तिचं मन मोठं. माझं नाही. मी त्याचं डोकं तोललं, कारण तोलणं हे टेबलाचं कामच आहे. पण त्याच्यासाठी मला काही वाटलं नाही. लाकूड एकदा चिरलं की परत जुळत नाही, आणि मी तसं नाटकही करणार नाही.

माझ्या भावंडांचं सांगायचं राहिलं. एक तुकडा मागे इस्त्रीला लावलाय, त्याचा पृष्ठभाग काळा पडलाय. एकाचे ठोकलेले पाय पहिल्याच पावसात सैल झाले, तो विहिरीजवळ पडलाय, त्याच्यावर कुंड्या आहेत. तिसरा एका पाहुण्याला आवडला, तो गाडीच्या टपावर बांधून मुंबईला गेला. चौथा मी. नव्या पायांखाली कागदाची घडी सारून मला उभा ठेवलाय.

उद्या सकाळी तुम्ही निघाल. नांदगावच्या तिठ्यावर गाडी बदलायला उतराल. एस्टी स्टॉपच्या समोर पत्र्याची शेड दिसेल. तिथे जेवा. कावेरी तुम्हाला विचारील, खंयसून इलात म्हणून. देवगडहून म्हणालात तर ती कदाचित बंगल्यातल्या टेबलाची चौकशी करील.

तेव्हा माझ्यासाठी एवढं करा. विहिरीजवळच्या कुंड्यांचं बोलू नका, इस्त्रीचं बोलू नका. सांगा, टेबल बरं आहे. माणसं बसतात.